मुलाच्या विचारापासून गणिताकडे: विदर्भातील ग्रामीण शाळांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या वाट्याला बहुधा दोन किंवा तीन वर्ग एकत्रच येतात. एकाच खोलीत पहिलीचे मूल अजून दहापर्यंत मोजायला शिकत असते आणि तिसरीचे मूल गुणाकाराशी झगडत असते. अशा वर्गात विद्यार्थिकेंद्री पद्धतीने गणित शिकवायचे म्हणजे नेमके कोठून सुरुवात करायची आणि रोज काय करायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विद्यार्थिकेंद्री म्हणजे मुलांना मोकळे सोडणे नव्हे किंवा टेबलावर रंगीत साहित्य मांडणे नव्हे. मुलाने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याआधी ‘कसं काढलंस?’ असे विचारणे, त्याचे बोलणे पूर्ण ऐकणे आणि जे ऐकले त्यावरून पुढचा प्रश्न बेतणे, हा या पद्धतीचा गाभा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही कृती आणि शोध यांच्याद्वारे शिकणे, तसेच मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता येणे, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या भागाला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची, म्हणजे महात्मा गांधींच्या कामातून शिकण्याच्या शिक्षणविचाराची, मांडणी झाली, तेव्हा सूत कातताना मोजमाप आणि हिशेब शिकावा, म्हणजे हाताच्या कामातून गणित यावे, हाच त्यामागचा आग्रह होता.

पहिले दोन आठवडे: शिकवण्याआधी पाहणे

राज्याच्या इतर भागांपेक्षा विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात आणि त्या वेळी शाळेच्या अंगणात निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो. त्या गोळा करून, धुऊन, वाळवून घ्याव्यात, कारण मोजण्यासाठी त्याहून सोयीची वस्तू शोधूनही सापडणार नाही. पहिले दोन आठवडे पाठ्यपुस्तक उघडण्याची घाई न करता प्रत्येक मुलासोबत पाच ते सात मिनिटे स्वतंत्र बसावे. बाकीची मुले तेवढा वेळ चित्र काढण्यात किंवा खेळण्यात गुंतलेली असू द्यावीत.

या बैठकीत काय पाहायचे, ते आधी ठरवून घ्यावे. मुलासमोर बारा-पंधरा निंबोळ्या ठेवून मोजायला सांगावे आणि त्याचे बोट व त्याचा शब्द एकत्र चालतात का, की एका निंबोळीवर दोन आकडे म्हटले जातात, हे पाहावे. मोजून झाल्यावर ‘मग किती झाल्या?’ असे विचारले असता मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटी उच्चारलेली संख्या ही सगळ्या वस्तूंची संख्या असते, हे त्याला अजून उमगलेले नाही, असे समजावे. त्यानंतर आठ निंबोळ्या त्याच्या समोर जवळजवळ ठेवून मोजून घ्याव्यात, मग त्याच निंबोळ्या लांब लांब पसरून ‘आता किती?’ असे विचारावे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, लहान मुलांना पसरलेल्या वस्तू जास्त वाटतात. पहिलीच्या मुलाने तसे उत्तर दिले तर त्याला ‘कच्चा’ ठरवू नये, फक्त वहीत नोंद करावी. दुसरी-तिसरीच्या मुलांना पाच निंबोळ्या दाखवून त्यांतील काही मुठीत लपवाव्यात आणि उरलेल्या पाहून मुठीत किती असतील ते विचारावे. बोटांवर मोजून सांगणारे मूल, अंदाजाने सांगणारे मूल आणि ‘तीन दिसतात, म्हणजे दोन’ असे पटकन म्हणणारे मूल ही तीन वेगवेगळ्या टप्प्यांवरची मुले आहेत आणि ती तिन्ही एकाच वर्गात असू शकतात.

भाषेकडेही याच दिवसांत लक्ष द्यावे. घरी वऱ्हाडी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला ‘अधिक’ आणि ‘वजा’ हे शब्द परके असतात, पण ‘मिळवले’, ‘काढले’, ‘उरले’, ‘जादा’, ‘कमती’ हे त्याच्या तोंडी रोज असतात. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडील कोलामी अथवा बंजारा भाषा बोलणाऱ्या मुलांसमोर ही अडचण कितीतरी मोठी असते. तेथे मुलांना त्यांच्या भाषेतील अंक आधी विचारावेत, ते भिंतीवर देवनागरीत लिहून ठेवावेत आणि मोजणी दोन्ही भाषांत करू द्यावी. वरच्या वर्गातील एखादे मूल किंवा अंगणवाडीताई यात मोलाची मदत करतात. ‘बेरीज’ आणि ‘वजाबाकी’ ही नावे कृती अंगवळणी पडल्यावर आली तरी काही बिघडत नाही.

दहाच्या आत रमू द्यावे

नव्या शिक्षकाची सर्वांत मोठी घाई येथे होते. मूल शंभरपर्यंत म्हणून दाखवते म्हणून त्याला संख्या समजल्या, असे वाटते आणि दहाच्या आतील संख्यांवर जेमतेम आठवडा खर्च होतो. प्रत्यक्षात सात म्हणजे पाच आणि दोन, चार आणि तीन, दहाला तीन कमी, हे सगळे मुलाच्या डोळ्यांसमोर एकदम उभे राहिले पाहिजे, कारण पुढची सगळी बेरीज-वजाबाकी त्यावरच उभी राहते.

यासाठी अष्टाचंगच्या खेळासारखा उपाय नाही. चिंचोका फोडून त्याची दोन दळे केली की एक बाजू काळी आणि दुसरी पांढरी दिसते. अशी चार दळे टाकून मुले खेळतच असतात आणि चारही पांढरी पडली की चार, चारही काळी पडली की आठ, हे त्यांना ठाऊक असते. शाळेत याच खेळात थोडा बदल करावा. आधी पाच, मग सात आणि शेवटी दहा दळे घ्यावीत, ती टाकावीत आणि किती काळी व किती पांढरी पडली ते प्रत्येक जोडीने पाटीवर लिहावे. दहा दळ्यांच्या खेळात सहा काळी पडली की पांढरी न मोजता चार म्हणणारी मुले आठवड्याभरात दिसू लागतात. तेव्हा ‘न मोजता कसं कळलं?’ हा प्रश्न विचारायला विसरू नये, कारण त्याचे उत्तर ऐकूनच शेजारच्या मुलाला ती युक्ती कळते.

दशक, गठ्ठे आणि मराठी संख्यानामे

तुरीचे पीक निघाल्यावर तुराट्यांना तोटा नसतो. त्यांच्या बोटभर लांबीच्या काड्या करून मुलांकडूनच दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून घ्यावेत. गठ्ठे मुलांनी बांधणे महत्त्वाचे आहे. तयार गठ्ठा हाती दिला तर मुलासाठी ती एक जाड काडी ठरते आणि त्यात दहा काड्या आहेत हे त्याच्या मनात मुरत नाही.

मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलासमोर येथे एक खरी अडचण असते आणि शिक्षकाने ती जाणून घेतलीच पाहिजे. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, पण लिहिताना दोन आधी लिहितो. त्यात भर म्हणून एकोणतीस, एकोणचाळीस अशी नावे पुढच्या दशकातून एक कमी करून तयार झालेली असतात आणि नव्याण्णवला येऊन तीही रीत मोडते. त्यामुळे ५२ ऐवजी २५ लिहिणारे मूल बेफिकीर नसते, ते ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोडनावे आली तेव्हा राज्यभर वाद झाला. माझ्या मते त्या वादात अडकण्याचे शिक्षकाला कारण नाही. गठ्ठे मांडताना ‘दोन दशक पाच, म्हणजे वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असे तिन्ही प्रकारे म्हणू द्यावे आणि प्रचलित नाव पक्के होईपर्यंत मधली पायरी काढून घेऊ नये. काड्यांच्या जोडीला दहाच्या खेळण्यातल्या नोटा आणि एक रुपयाची नाणी वापरली, तर ‘सुटे’ हा मुलांच्या सवयीचा शब्द एककासाठी आयताच मिळतो.

वस्तूंवरून थेट आकड्यांवर उडी मारू नये, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या कृती, चित्र आणि चिन्ह या क्रमातून नीट समजते. काड्या हाताळून झाल्यावर मुलाने गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब काढावे आणि त्यानंतर अंक लिहावेत. ही मधली चित्राची पायरी बहुतेक वर्गांत गाळली जाते, म्हणून पुढे हातच्याचे गणित मुलांना जादूसारखे वाटू लागते.

चूक दिसली की थांबावे

तिसरीतील एका मुलाने पाटीवर ४३ वजा १७ बरोबर ३४ असे लिहिले आहे, असे समजा. लाल रेघ ओढून बरोबर रीत फळ्यावर करून दाखवणे सोपे आहे, पण त्याने त्या मुलाचा विचार तसाच राहतो. त्याऐवजी ‘कसं काढलंस, सांग बरं’ असे म्हणावे. उत्तर बहुधा असे येते: ‘तीनातून सात जात नाई, मंग म्या सातातूनच तीन काढले, सर.’ या वाक्यात मुलाने बरेच काही बरोबर केले आहे. एककातून एकक आणि दशकातून दशक काढायचे, हे त्याला माहीत आहे आणि तीनातून सात जात नाहीत, हेही त्याने ओळखले आहे. फक्त गठ्ठा सोडता येतो, हे त्याला आठवलेले नाही.

आता त्याला रीत सांगू नये. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या त्याच्या पुढ्यात ठेवून ‘यातल्या सतरा मला दे’ एवढेच म्हणावे. तो एक गठ्ठा बाजूला काढतो, सुट्या तीन देतो आणि थांबतो. ‘आणखी चार राहिल्या,’ असे म्हणून शिक्षकाने हात तसाच पुढे धरून ठेवावा. थोड्या वेळाने ‘हा गठ्ठा सोडू काय?’ हा प्रश्न मुलाकडूनच येतो आणि तो येईपर्यंत गप्प राहणे हे शिक्षकाचे त्या क्षणाचे सर्वांत कठीण काम असते. नंतर उरलेल्या काड्या मोजून २६ आले की आधीच्या ३४ शी ताडून पाहायला सांगावे.

पुढे हेच उदाहरण सगळ्या वर्गासमोर ठेवावे, मात्र चुकलेल्या मुलाचे नाव न घेता. कोणी आधी दहा काढून ३३, मग तीन काढून ३० आणि आणखी चार काढून २६ असे करते. किराणा दुकानात जाणारे एखादे मूल १७ पासून वर चढते: तीन मिळवले की २०, पुढे ४३ पर्यंत २३, म्हणून एकूण २६, कारण दुकानदार सुटे पैसे परत देताना असेच मोजतो. तिन्ही रीती फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि कोणाला कोणती सोपी वाटते व का, हे मुलांनाच बोलू द्यावे. उभी मांडणी शिकवायचीच आहे, पण ती या चर्चेनंतर आली तर मुलांना तिचे प्रत्येक पाऊल ओळखीचे वाटते.

शाब्दिक उदाहरणांत ‘एकूण दिसले की बेरीज, उरले दिसले की वजाबाकी’ अशी खूण चुकूनही शिकवू नये. ‘मंगलजवळ ५ निंबोळ्या आहेत, त्या राजूपेक्षा २ ने जास्त आहेत, तर राजूजवळ किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ शब्द असूनही वजाबाकी करावी लागते आणि शब्द शोधून गणित करणारे मूल येथे हमखास सात म्हणते. उदाहरण मुलांना आपल्या शब्दांत सांगायला लावावे, शक्य तेथे ते करून दाखवायला लावावे आणि त्यानंतरच ‘किती?’ विचारावे.

गावातले हिशेब वर्गात

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ असतो. हजेरी झाल्यावर आज किती तांदूळ लागेल, हा प्रश्न तिसरी-चौथीच्या मुलांवर सोपवावा. दहा मुलांना एक किलो लागतो, हे त्यांनी एकदा शोधून काढले की २७ मुलांसाठी दोन किलो आणि ७०० ग्रॅम हे उत्तर ती कागदाशिवाय देतात. दशक-एकक आणि किलो-ग्रॅम यांचे नाते त्यांना अशा वेळी आपोआप जोडता येते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तराजूवर ते मोजून दाखवले तर पडताळाही तेथेच होतो.

गुणाकारासाठी कापसाच्या चौफुलीकडे पाहावे. सरकी टोबण्यासाठी शेतात उभ्या-आडव्या रेघा मारतात आणि जेथे त्या छेदतात त्या फुलीवर बी पडते, हे पश्चिम विदर्भातल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. अंगणात खडूने सहा उभ्या आणि आठ आडव्या रेघा मारून प्रत्येक फुलीवर एक निंबोळी ठेवायला सांगावे. एका बाजूने पाहिले तर सहा-सहाच्या आठ ओळी दिसतात आणि दुसऱ्या बाजूने आठ-आठच्या सहा. निंबोळ्या तेवढ्याच राहतात. गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे नियम म्हणून सांगावे लागत नाही. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी किंवा गडचिरोलीत तेंदूपत्ता यांचा आधार घ्यावा. महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुड्यात ७० पाने बांधतात आणि मजुरी शेकडा पुड्यांवर ठरते. त्यामुळे सत्तरच्या पटी आणि शेकड्याचा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलांनी घरी ऐकलेला असतो.

पाढे पाठ असावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ‘बे एके बे, बे दुणे चार’ हा ठेका मुलांना आवडतो आणि तो सोडून देण्याचे कारण नाही. पण पाढा आधी मांडावा आणि मग म्हणावा. दोन, पाच आणि दहाचे पाढे सर्वांत आधी घ्यावेत, बेच्या पाढ्याची दुप्पट करून चारचा आणि त्याची दुप्पट करून आठचा तयार करू द्यावा आणि सातचा शेवटी ठेवावा, कारण तोवर त्यातील बहुतेक गुणाकार दुसऱ्या पाढ्यांतून आलेले असतात. गावातील आजोबांना पावकी, निमकी, दीडकी हे पाव, अर्धा आणि दीड यांचे जुने पाढे येत असतील तर त्यांना एखाद्या दिवशी वर्गात बोलवावे. अपूर्णांकांचा पाठ पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या बाजारातल्या शब्दांपासूनच सुरू करणे श्रेयस्कर आहे. पाव किलो आणि अर्धा किलो मिळून पाऊण किलो होतात, हे वजने ठेवून पाहिलेले मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून ‘दोन षष्ठांश’ असे उत्तर लिहिताना स्वतःच अडखळते. एक सावधगिरी मात्र बाळगावी: संत्र्याच्या फोडी सारख्या आकाराच्या नसतात, म्हणून समान भाग दाखवण्यासाठी संत्र्याऐवजी कागदाच्या घड्या घालाव्यात.

अनेक वर्ग, एक खोली

तासाची आखणी साधी ठेवावी. पहिली दहा मिनिटे सर्व वर्गांशी मिळून तोंडी गणिताच्या गप्पा, त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे गटात एक प्रश्न सोडवणे, दहा-पंधरा मिनिटे आपली रीत इतरांना सांगणे आणि उरलेल्या वेळात पाठ्यपुस्तकातील सराव. प्रश्नाचा प्रसंग सगळ्यांना एकच द्यावा आणि संख्या वर्गाप्रमाणे बदलाव्यात. संत्र्यांचा प्रसंग घेतला तर पहिलीसाठी तीन आणि चार संत्री मिळून किती, दुसरीसाठी २३ आणि १४, तिसरीसाठी प्रत्येकी १२ संत्र्यांच्या चार टोपल्या आणि चौथीसाठी १४५ संत्री बारा-बाराने भरली तर किती टोपल्या लागतील, असे प्रश्न होतात. शेवटच्या प्रश्नात बारा टोपल्या भरून एक संत्रे उरते. त्या एका संत्र्यासाठी तेरावी टोपली लागेल की नाही, यावर मुलांनी वाद घातला तर तो थांबवू नये, कारण बाकीचा अर्थ प्रसंगावरून ठरतो, हे त्या वादातूनच कळते.

कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा पालक वीटभट्टीवर गेल्यावर काही मुले आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर राहतात. परत आलेल्या मुलाला वर्ग ज्या पानावर असेल तेथे बसवू नये. पहिल्या दोन आठवड्यांत घेतली होती तशीच पाच मिनिटांची बैठक पुन्हा घेऊन त्याला कोठून सुरू करायचे ते ठरवावे आणि त्याच्या शेजारी धीराने बोलणारा एक सोबती द्यावा. बाहेर राहिलेल्या काळात त्याने वजन-मजुरीचे हिशेब ऐकलेले असतात. ते वर्गात सांगायला लावले तर त्याचा संकोचही कमी होतो.

पालकांना सुरुवातीला शंका वाटते. ‘पोरं शाळेत निंबोळ्याच मोजतात,’ असे ते म्हणतात आणि त्यात त्यांची काळजी असते, म्हणून तिचा मान राखावा. महिन्यातून एकदा, आठवडी बाजाराचा दिवस टाळून, पालकांना बोलवावे आणि मुलांनाच त्यांच्यासमोर उदाहरणे सोडवून आपली रीत सांगू द्यावी.

नोंदींसाठी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक मुलाला दोन-तीन पाने द्यावीत आणि आठवड्यातून एकदा दोनच ओळी लिहाव्यात. ‘वजाबाकीत गठ्ठा स्वतः सोडला’, ‘३०५ ऐवजी ३००५ लिहितो, कारण तीनशे लिहून पुढे पाच जोडतो’ अशी नोंद गुणांच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची असते. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता-शिकताच होणाऱ्या मूल्यमापनात, निरीक्षणाच्या नोंदींना स्थान आहेच, त्यामुळे हे काम वेगळे ओझे होत नाही. केंद्रप्रमुख भेटीला आले की हीच वही त्यांना दाखवावी, केंद्रातील शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एखाद्या चुकीवर चर्चा करायची असेल तर त्यातलेच उदाहरण घ्यावे आणि बदली झाली तर ती वही पुढे येणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्यावी, म्हणजे त्याला त्या मुलांपासून सुरुवात करता येईल.